‘द हँडमेड्स टेल’: दुसऱ्या वाचनानंतर जुने आक्षेप मागे घेते

चारभिंती (सातारा)

मार्गारेट अ‍ॅटवुडच्या या कादंबरीवर इथल्याच एका जुन्या धाग्यात मी तीन आक्षेप घेतले होते. (न वाचलेल्यांसाठी: गिलियड ही अमेरिकेत सत्ता बळकावलेली धर्मांध राजवट. तिथे मूल होऊ शकणाऱ्या बायकांना ‘हँडमेड’ करून कमांडरांच्या, म्हणजे बड्या अधिकाऱ्यांच्या, घरी मुलं जन्माला घालायला ठेवतात. नायिका त्यांतलीच एक.) नायिका नुसती सोसते, करत काहीच नाही. गिलियडची राजवट इतक्या सहज उभी राहते हे पटत नाही. आणि शेवटी जोडलेलं इतिहास-परिषदेचं प्रकरण म्हणजे निव्वळ शेपूट, ते कापलं तर पुस्तक जास्त धारदार होईल. पुढच्या महिन्यापासून साताऱ्याच्या वाचनकट्ट्यावर हीच कादंबरी घ्यायची आहे, म्हणून ती पुन्हा वाचली. तिन्ही आक्षेप मागे घेते. प्रकरणांचा आधार देऊनच लिहिते, म्हणजे वाद घालायचा त्यांना नेमकं कुठे बोट ठेवायचं ते कळेल.

शेपटापासूनच सुरुवात करते. कादंबरीचे १५ भाग, ४६ प्रकरणं. त्यानंतर ‘हिस्टॉरिकल नोट्स’, म्हणजे २५ जून २१९५ रोजी भरलेल्या गिलियड-अभ्यास परिषदेचा वृत्तांत. तिथे कळतं की आपण वाचलं ते त्या बाईनं लिहिलेलं नव्हतंच. मेन राज्यातल्या बँगर इथे एका लष्करी पत्र्याच्या पेटीत तीसेक कॅसेटी सापडल्या. प्रत्येकीच्या सुरुवातीला दोन-तीन गाणी आणि मग तिचा आवाज. कॅसेटींवर क्रमांक नव्हते, त्या पेटीच्या तळाशी सुट्या पडलेल्या होत्या. क्रम लावला दोन पुरुष प्राध्यापकांनी, अंदाजानं. पुस्तकाचं नावही त्यांचंच, आणि त्या नावातल्या ‘टेल’ शब्दावर (उच्चार तोच, अर्थ गोष्टही आणि शेपूटही) बाईच्या अंगावरून कोटी करून वक्ते टाळ्या घेतात. मी पहिल्या वेळी त्या प्रकरणाला शेपूट म्हटलं होतं, त्यामुळे हे वाचताना फार लागलं.

पुढे तेच वक्ते, प्राध्यापक पिएक्सोटो, म्हणतात की गिलियडच्या लोकांना दोष देणं आपलं काम नाही, समजून घेणं आहे. यावर पुन्हा टाळ्या. मग हळहळतात की या बाईऐवजी त्या कमांडरच्या खासगी संगणकातली वीस पानं हाती लागली असती तर किती बरं झालं असतं! एक बाई जिवावर उदार होऊन बोलली, आणि दोनशे वर्षांनी तिचं ऐकणाऱ्याला हवेत तिच्या मालकाचे कागद. हे प्रकरण कापलं की कादंबरीतला सगळ्यात कठोर भागच जातो. राजवट कोसळली तरी बाईच्या शब्दाची किंमत ठरवणारे तसेच बसलेले आहेत, हे फक्त तिथेच दिसतं.

आता ‘काही करत नाही’बद्दल. ती जेवणातलं लोणी बुटात लपवून नेते आणि हाता-तोंडाला चोळते, कारण तिला क्रीम मिळत नाही. कपाटाच्या तळाशी कोरलेली मोडकी लॅटिन ओळ बोटांनी वाचते. कमांडरच्या खोलीत स्क्रॅबल खेळताना अक्षरं हातात घेऊन त्यांचा गुळगुळीतपणा चाखते. ज्या ठिकाणी बाईला वाचन बंद आहे तिथे ही कामंच आहेत. आणि ४१व्या प्रकरणात ती कबूल करते की आता पळून जायची इच्छाच उरलेली नाही, कमांडरचा ड्रायव्हर निक चोरून भेटतोय तेवढं पुरे. सोबतची हँडमेड ऑफग्लेन तिला कमांडरच्या कागदपत्रांत डोकावायला सांगते, ती डोकावत नाही. पहिल्यांदा याचा राग आला होता. आता वाटतं की अ‍ॅटवुडनं इथे वाचकाला खूश करायचं नाकारलं. थोडीशी ऊब मिळाली की माणूस साखळीशी जुळवून घेतो, हे लिहायला हिंमत लागते.

राजवट कशी उभी राहते याचं उत्तर २८व्या प्रकरणात आहे. त्यावर इतरांनी लिहावं अशी विनंती. एक नवा आक्षेप मात्र तयार झालाय, वंशाबद्दलचा. तो शेवटी मांडते.

हळदकांडी (सांगली)

धागा वाचून आनंद झाला. कट्ट्यासाठी भागांची वाटणी सांगतो. ही कादंबरी पानं मोजून वाटली तर हमखास फसते.

पंधरा भागांपैकी सात भागांचं नाव ‘नाईट’ आहे (१, ३, ७, ९, ११, १३, १५) आणि पाचव्याचं ‘नॅप’. म्हणजे एकाआड एक. सम आकड्यांच्या भागांत दिवस आहे: बाजारहाट, दवाखाना, विधी, बाळंतपण, फाशी. तिथे ती राजवटीच्या वेळापत्रकावर चालते. रात्रीच्या भागांत वेळ तिचा स्वतःचा असतो आणि आठवणी तिथे येतात. बैठक कधीही दिवसाच्या भागावर तोडू नका. रात्र वाचून झाल्यावरच थांबा.

सहा बैठका पुरतात. पहिलीत प्रकरण १ ते १३. दुसरीत १४ ते १८, यात १६वं प्रकरण म्हणजे तो विधी, बायकोच्या देखत कमांडरनं मुलासाठी हँडमेडशी ठेवायचा संबंध. बैठक लहान ठेवा, बोलायला वेळ लागतो. तिसरीत १९ ते २४. चौथीत २५ ते ३०. पाचवीत ३१ ते ४०. सहावीत ४१ ते ४६ आणि परिषदेचा वृत्तांत. वृत्तांत त्याच दिवशी वाचा. ‘तो पुढच्या वेळी बघू’ म्हटलं की निम्मे लोक येत नाहीत आणि पुस्तक ४६व्या प्रकरणातल्या काळ्या गाडीपाशीच संपल्यासारखं वाटतं.

वृत्तांत वाचून झाल्यावर पहिलं प्रकरण पुन्हा मोठ्यानं वाचा. व्यायामशाळेत लावलेल्या खाटा, अंधारात एकमेकींना सांगितलेली नावं. ते दीड-दोन पानांचंच आहे. आता ते ‘लिहिलेलं’ वाटत नाही, कुणीतरी कॅसेटवर बोलतंय असं ऐकू येतं. ‘ही पुनर्रचना आहे’, ‘हे असं घडलं नाही, पुन्हा सांगते’ अशी वाक्यं मध्ये मध्ये येतात, त्यांचा अर्थही तेव्हाच लागतो. ४०व्या प्रकरणात निकची पहिली भेट ती वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगते. पहिल्या वाचनात तो लेखिकेचा चमत्कार वाटतो. दुसऱ्यांदा कळतं की बोलणाऱ्या माणसाला कागद फाडून टाकता येत नाही. चुकलं तर पुढे बोलूनच दुरुस्त करावं लागतं.

माणदेशी (म्हसवड)

२८व्या प्रकरणावर मी लिहिते.

यात घटनांचा क्रम महत्त्वाचा आहे. कट्ट्यावर तो फळ्यावर लिहून काढा. राष्ट्राध्यक्षाची हत्या आणि काँग्रेसवर गोळीबार होतो, दोष इस्लामी अतिरेक्यांवर टाकला जातो. राज्यघटना स्थगित होते, तीही ‘तात्पुरती’. लोक घरी बसून टीव्ही बघतात, रस्त्यावर कुणी उतरत नाही. वर्तमानपत्रं बंद होतात. नाके बसतात, ओळखपत्रं येतात, आणि सुरक्षेसाठी बरंच आहे असं लोकांना वाटतं. अश्लील दुकानं बंद होतात तेव्हा तर हायसंच वाटतं. मग एके दिवशी ती सिगारेट घ्यायला जाते आणि तिचं खातं चालत नाही. त्याच दिवशी ग्रंथालयातल्या सगळ्या बायकांना कामावरून काढतात. संध्याकाळपर्यंत कळतं की बायकांना मालमत्ता ठेवता येणार नाही, तिच्या खात्यातला पैसा नवरा वापरू शकतो.

हे इतक्या सहज का जमलं? कारण कागदी पैसा आधीच गेलेला असतो. सगळं ‘कॉम्प्यूबँक’च्या आकड्यांत असतं आणि प्रत्येक खात्यावर स्त्री की पुरुष याची खूण असते. कुणाच्या घरी जाऊन पैसे हिसकावावे लागत नाहीत, एक कळ दाबली की झालं. हे १९८५ साली छापलंय. चारभिंतीताई, तुमच्या दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर हेच. राजवट एका रात्रीत येत नाही. आधीची दहा पावलं लोकांनी सोयीची म्हणून स्वीकारलेली असतात, अकरावं तेवढं रात्रीत पडतं.

त्या रात्री नवरा, ल्यूक, म्हणतो की काळजी करू नकोस, मी आहे. तो वाईट माणूस नाही. पण तिच्या मनात येतं की याला हे खुपत नाहीये, कदाचित आवडतंयही. कादंबरीत मारझोडीचे, फाशीचे प्रसंग बरेच आहेत, तरी मला हीच जागा सगळ्यात भीतीची वाटते.

माण तालुक्यात यावर बोलायला उदाहरण हाताशी आहे. म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ची. पहिल्या अर्जाला रिझर्व्ह बँकेनं नकार दिला, कारण प्रवर्तक बायकांचे अंगठे होते, सह्या नव्हत्या. बायका अक्षरं शिकल्या, परत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमची माणसं यंत्रावर काढू देत. परवाना मिळाला. गिलियडमध्ये हेच उलट्या दिशेनं घडतं. आधी खातं जातं, मग नोकरी, मग अक्षर. दुकानांच्या पाट्यांवरचे शब्दसुद्धा पुसून नुसती चित्रं ठेवतात.

कट्ट्यावर प्रत्येकीनं पाच गोष्टी कागदावर लिहाव्यात. खात्याचा ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो. सातबाऱ्यावर नाव आहे का, आणि असेल तर हिस्सा किती. गॅसची जोडणी कुणाच्या नावे. विम्याचा वारस कोण, हे तिला माहीत आहे का. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख कोण (२०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार १८ वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री). कागद गोळा करू नका, मोठ्यानं वाचायलाही लावू नका. लिहितानाच जे व्हायचं ते होतं. ओटीपीच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त हात थबकतात.

कृष्णाकाठ (सांगली)

मराठीत बोलताना शब्दांचं काय करायचं, यावर आधी ठरवून घ्या. नाहीतर अर्धी बैठक त्यातच जाते.

‘हँडमेड’ला ‘सेविका’ म्हणू नका, अंगणवाडी सेविका डोळ्यांसमोर येते. ‘दासी’ चालेल, कारण मूळ आधारच उत्पत्तीच्या ३०व्या अध्यायाचा आहे आणि मराठी बायबलात राहेल आपली दासी बिल्हा याकोबाला देते. राजवटीच्या तोंडची पवित्र वाक्यं बोली मराठीत आणू नका. ती बायबली मराठीतच ठेवा, थोडी अवघडलेली, जुनाट. हाताशी मराठी बायबल असू द्या. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं भाषांतर १९२४ साली छापून झालं, तेही कुणाकडे मिळालं तर बघा. एका बाईनं हिब्रू-ग्रीक शिकून जे पुस्तक मराठीत आणलं, तेच गिलियडमध्ये कुलपात असतं आणि फक्त कमांडर उघडतो. बैठकीत हे सांगण्यासारखं आहे.

‘आँट’, म्हणजे हँडमेडना वळण लावणाऱ्या बायका, त्यांच्यासाठी ‘मावशी’. दुसरा विचारच करू नका. ‘माय मरो पण मावशी उरो’ म्हणणाऱ्या भाषेत लिडियामावशीच्या हातात गुरं हाकायचा विजेचा दांडका आला की अंगावर काटा येतो.

‘सॅल्व्हेजिंग’, म्हणजे जाहीर फाशीचा सोहळा, याला ‘उद्धार’ म्हणा. मूळ शब्दाला वाचवण्याचा अर्थ आहे, आणि परिषदेच्या वृत्तांतात सांगितलंय की फिलिपिन्समध्ये तो शब्द विरोधकांना संपवण्यासाठी वापरात आला होता. मराठीत उद्धार म्हणजे तारणं, आणि ‘सात पिढ्यांचा उद्धार केला’ म्हणजे काय तेही सगळ्यांना ठाऊक आहे.

आता नायिकेचं नाव. ‘ऑफ्रेड’ म्हणजे फ्रेडची, तिच्या कमांडरची. इंग्रजी वाचकाला हे फोडून सांगावं लागतं, कारण त्या नावात ‘अर्पण केलेली’ असाही ध्वनी आहे. आपल्याला फोडून सांगायची गरज कमी आहे. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं जातं, मधलं नाव बापाचं जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं. तिन्ही खाने बदलले तरी आपण त्याला हौस म्हणतो. ४४व्या प्रकरणात ऑफग्लेनच्या जागी दुसरीच बाई येऊन उभी राहते आणि म्हणते, मी ऑफग्लेन. आधीची कुठे गेली हे विचारायलाही नाव उरत नाही, कारण नाव जागेचं होतं, माणसाचं नव्हतंच.

सातारा जिल्ह्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी २८५ मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलली गेली. त्या सगळ्या ‘नकुशी’ होत्या, म्हणजे नको असलेल्या. नवी नावं त्यांनी निवडली. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनानं बापाच्या आधी आईचं नाव सक्तीचं केलं. या दोन गोष्टी ‘ऑफ्रेड’शेजारी ठेवून बघा. नाव हा सरकारदरबारचा कागद आहे आणि तो बदलता येतो, वाईटाकडेही आणि चांगल्याकडेही.

अवांतर: पुस्तकावरच्या टीव्ही मालिकेत तिला ‘जून’ म्हणतात. पुस्तकात ते नाव तिचं असल्याचं कुठेही सांगितलेलं नाही. पहिल्या प्रकरणातल्या पाच नावांतलं ते शेवटचं. बाकीच्या चौघी पुढे कुठे ना कुठे सापडतात, म्हणून वाचकांनी तर्क केला. अ‍ॅटवुडनं तो मूळ बेत नव्हता, पण बसतो, असं म्हटलंय.

माहुली

लाल झग्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

अ‍ॅटवुडनं हा रंग बाळंतपणाच्या रक्तावरून, मेरी मॅग्डालीनच्या चित्रांवरून घेतला, शिवाय पळणारी बाई लालात लांबून दिसते, हेही कारण. तोंड झाकणाऱ्या टोपीची कल्पना १९४०च्या दशकातल्या एका साफसफाईच्या भुकटीच्या डब्यावरून. त्या डब्यावरच्या बाईला चेहराच नव्हता. तिचा नियम एकच होता, माणसानं कुठेतरी, कधीतरी जे केलेलं नाही ते पुस्तकात घालायचं नाही. लेखन सुरू केलं १९८४ साली, पश्चिम बर्लिनमध्ये, भाड्याच्या जर्मन टंकलेखन यंत्रावर, भिंत उभी असताना. रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूनं १९६६ साली ७७०व्या फर्मानानं गर्भपात बंद केला होता, पुढे कारखान्यांत बायकांच्या पाळीची तपासणी होई. अर्जेंटिनात १९७६ नंतर लष्करी राजवटीनं कैदी बायकांची मुलं जन्मताच काढून घेऊन आपल्या माणसांना दिली. पुस्तक ज्या मेरी वेबस्टरला अर्पण केलंय तिला चेटकीण ठरवून मॅसेच्युसेट्समध्ये झाडाला टांगलं होतं, आणि ती वाचली.

या नियमाला पुरावा शोधायला मराठी माणसाला अटलांटिक ओलांडायची गरज नाही. लाल कपड्याची खूण आपल्याकडे होती: आलवण. केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेचं तांबडं लुगडं. लांबून ओळखू यावी, कुणी तिच्याकडे त्या नजरेनं बघू नये, तिला मूल होऊ नये. आणि झालंच तर? त्यासाठीच १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं.

दुसरीकडे पेशवाईच्या दप्तरात कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. व्यभिचाराचा आळ आलेली बाई सरकारजमा होई, किल्ल्यावर किंवा कोठीत राबे, आणि तिला झालेलं मूल धन्याच्या मालकीचं. एकीचं गर्भाशय बंद ठेवायचं, दुसरीचं वापरायचं. जात बघून ठरायचं कोणतं कुणाचं. कादंबरीनं या दोन्ही बायका एकाच लाल झग्यात घातल्या आहेत. म्हणून ती आपल्याला ओळखीचीही वाटते आणि कुठेतरी खटकतेही.

महाभारतही आठवा. अंबिका दुसऱ्या वेळी व्यासांकडे स्वतः जात नाही, दासीला सजवून पाठवते. विदुर तिचा. विदुराचं शहाणपण सगळ्यांना पाठ, आईचं नाव महाभारत सांगत नाही.

येरळा

माहुलीताईंनी शेवटी ‘खटकतं’ म्हणून सोडून दिलं, तिथून पुढे लिहितो. माझं मत बदललेलं नाही आणि ते या कौतुकात बुडू नये.

गिलियडमध्ये काळ्या लोकांचं काय झालं? ‘हॅमची लेकरं’ म्हणून त्यांना नॉर्थ डकोटात हलवलं जातंय, एवढं टीव्हीच्या बातमीत येतं आणि विषय संपतो. पण कादंबरीतल्या दासीच्या आयुष्याचा तपशील कुठून आलाय? अक्षरबंदी, मालकाचं नाव, मूल काढून घेणं, रात्री गुप्त वाटेनं कॅनडाकडे पळवून नेणारी साखळी. हे अमेरिकेत गुलाम केलेल्या काळ्या बायकांवर प्रत्यक्ष दोनशे वर्षं घडलं. त्यांचा इतिहास घेतला आणि त्यांना एका वाक्यात गावाबाहेर काढलं. ‘भविष्य किती भयंकर’ हा धक्का फक्त त्यांनाच बसतो ज्यांच्या घरात हे आधी घडलेलं नाही.

मुक्ता साळवे १४ वर्षांची होती. फुल्यांच्या शाळेतली मातंग समाजाची मुलगी. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त तिचा निबंध छापून आला. आपल्या बायका उघड्यावर बाळंत होतात, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होतात, हे तिनं लिहिलं. कट्ट्यावर ‘बाळंतपण’ हा आठवा भाग वाचाल त्या दिवशी हा निबंध सोबत वाचा. अर्धा तास पुरतो.

आणि आजचंही बोला. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक आकडा असतो, ‘एक कोयता’. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्याला मिळते, बाईला वेगळी नाही. एक दिवस कामावर नाही आलं तर खाडा, तो उचलीतून कापतात. पाळी, बाळंतपण, आजारपण, सगळं खाड्यात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली, १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. इथे कुणी झगे वाटले नाहीत, कुणी बायबल वाचलं नाही. कर्ज, खाडा आणि शिबिराशेजारी शौचालय नसणं, एवढ्यावर काम झालं. माणसाला अवजाराच्या नावानं मोजायला आपण शिकलो आहोत, मग ‘फ्रेडची’ या नावाचं एवढं नवल कशाला?

चारभिंती (सातारा)

येरळा, माझा शिल्लक आक्षेप हाच होता आणि तुम्ही माझ्यापेक्षा नेमका मांडलात. पहिल्या वाचनात ती नॉर्थ डकोटाची बातमी माझ्या लक्षातही राहिली नव्हती. म्हणजे मत दोन्ही बाजूंनी बदललं: पुस्तक मला वाटलं होतं त्यापेक्षा फार चांगलं बांधलेलं आहे, आणि वाटलं होतं त्यापेक्षा जास्त काही झाकतंही आहे. मुक्ता साळवेंचा निबंध आणि ‘कोयता’ दोन्ही तिसऱ्या बैठकीत घेते.

एका ठिकाणी मतभेद. वाक्य छोटं आहे, पण ते सांगणारी बाई कोण? तिला वाचन बंद, टोपीमुळे बाजूचं दिसत नाही, बातमी राजवट दाखवेल तेवढीच. तिचं न विचारणं हाही तिचा दोष म्हणून वाचता येतो. लेखिकेचा की पात्राचा, यावर बैठकीत बोलू.

हळदकांडी (सांगली)

बैठकी कुठे फसतात तेही लिहून ठेवतो.

मालिका. २०१७ ते २०२५ सहा हंगाम आले आणि बऱ्याच जणांनी तेवढंच पाहिलेलं असतं. पुस्तकातली सेरेना जॉय, म्हणजे कमांडरची बायको, वयस्क आहे, संधिवातानं काठी घेऊन चालते. एके काळी ती टीव्हीवर बायकांनी घरी राहावं म्हणून भाषणं द्यायची, आता तिचंच ऐकून राजवटीनं तिला घरी बसवलंय. मालिकेत ती तरुण आहे आणि सगळा तोल बदलतो. मालिकेनं वंशभेदही काढून टाकला, त्यामुळे येरळांचा मुद्दा मालिका पाहणाऱ्याला कळतच नाही. पहिल्याच बैठकीत सांगा की बोलायचं फक्त पुस्तकावर. १९९०च्या चित्रपटालाही तोच नियम.

दुसरी फसगत म्हणजे ‘हे तिकडच्या देशांत होतं’. कुणीतरी म्हणतंच. त्या वेळी पाचवं प्रकरण उघडा. जपानी पर्यटक येतात, दुभाष्यामार्फत विचारतात, तुम्ही सुखी आहात का? ती म्हणते, हो, आम्ही फार सुखी आहोत. तिकडच्यांना आपण कसे दिसतो, हा प्रश्न तिथून सुरू करता येतो.

तिसरी, गर्भपाताच्या कायद्यावरून होणारा गोंधळ. २४ जून २०२२ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा हक्क देणारा १९७३चा निकाल उलटवला, तेव्हा ‘आपल्याकडे बरं आहे’ असं सगळे म्हणाले. कायदा नीट सांगा. आपला गर्भपाताचा १९७१चा कायदा, २०२१ला दुरुस्ती: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, २० ते २४ ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचं. सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ला अविवाहित स्त्रियांनाही यात धरलं. म्हणजे मुभा आहे, पण ती डॉक्टरच्या मतावर उभी आहे, बाईच्या हक्कावर नाही. लिंगनिदानबंदीचा १९९४चा कायदा वेगळा आहे, दोन्ही एकत्र मिसळू नका. मिसळले की काय होतं? धाडीच्या भीतीनं डॉक्टर कायदेशीर गर्भपातालाही नाही म्हणतात आणि बाई म्हैसाळसारख्या ठिकाणी जाऊन पोहोचते. २०१७च्या मार्चमध्ये तिथे ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले होते, हे आमच्या सांगली जिल्ह्यातलंच आहे.

माणदेशी (म्हसवड)

दुसऱ्या बैठकीबद्दल एक सूचना. १६वं प्रकरण मिश्र गटात मोठ्यानं वाचायला लावू नका, घरी वाचून यायला सांगा. बैठकीत त्या प्रकरणाची फक्त भाषा बघा. ती कोरडी आहे, क्रियापदं मोजून वापरलेली आहेत, आणि ती सतत ठरवते आहे की याला काय म्हणायचं आणि काय नाही म्हणायचं. तेवढ्यावर तासभर जातो.

चारभिंती (सातारा)

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: सहा बैठका, हळदकांडींच्या वाटणीनुसार. शब्द कृष्णाकाठांचे: दासी, मावशी, उद्धार. नावं मूळचीच. फळा २८व्या प्रकरणासाठी राखून ठेवलाय. आलवण आणि कुणबिणींवर माहुलीताई पाचव्या बैठकीत वीस मिनिटं बोलतील का, कळवावं. त्या भागात जेझेबेल्सचा कुंटणखाना आहे, तिथे ते बसेल.

पहिलं प्रकरण दोनदा वाचायचं आहे, पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी, आणि दोन्ही वेळा आवाज एकच हवा. शेवटच्या दिवशी तो रेकॉर्ड केलेला लावू, दिवे मालवून. कॅसेट वाजवायचं यंत्र चालू स्थितीत कुणाकडे असेल तर सांगा. कोरी कॅसेट माझ्याकडे आहे.